बिल्ज पंप सारखा सक्शन सोडतोय? पंप उघडण्याआधी गेज वाचा

बिल्ज म्हणजे जहाजाच्या तळाशी साठणारं घाण पाणी. ते उपसणारा बिल्ज पंप सुरू केला. मोटर फिरते, आवाजही ठीक वाटतो. मिनिटभर पाणी येतं, मग डिस्चार्जचा काटा थरथरायला लागतो, अँपिअर उतरतात आणि वेलमधली, म्हणजे ते पाणी गोळा होतं त्या खड्ड्यातली, पातळी आहे तिथंच राहते. मड बॉक्स, म्हणजे सक्शन लाइनीतला गाळ-कचरा अडवणारा डबा, उघडून जाळी धुतली की दोन-चार दिवस बरं चालतं. नंतर परत तेच.

परभणी-नांदेडची पोरं देवगिरी किंवा नंदीग्राम धरून, लातूर-बीडची मिळेल त्या गाडीनं मुंबई गाठतात, कोर्स आणि सीडीसीची (खलाशाच्या ओळखपुस्तकाची) कागदपत्रं पूर्ण करतात आणि थेट इंजिन रूममध्ये उतरतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो तो याच नोकरीच्या निमित्तानं. ज्युनिअर किंवा फोर्थ इंजिनिअर म्हणून बिल्जचं काम बहुधा त्यांच्याच गळ्यात पडतं, आणि सुट्टीवर मी घरी असलो की त्यांचे जे फोन येतात त्यांत ही तक्रार सगळ्यांत वरची असते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या दुखण्यात पंपाचा दोष क्वचित असतो, तरी सगळ्यांत आधी उघडला जातो तो पंपच. दिवस जातो, नव्या रिंगा, नवं पॅकिंग खर्ची पडतं, आणि हवा जिथून शिरत होती तिथून शिरतच राहते.

विहिरीवरचा पंप ज्यानं चालवलाय त्याला हा रोग ओळखीचा आहे. विहिरीत पाणी भरपूर, मोटर चांगली, पण फूटव्हॉल्व्ह गळतो किंवा सक्शन पाइपाच्या जोडावरून हवा शिरते आणि पंप पाणी सोडतो. मग कोणी वरून पाणी भरतं, कोणी शेणकाला ओततं. तेवढ्यापुरतं भागतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली घेऊन उभं राहावं लागतं. जहाजावरही भौतिकशास्त्र तेच. पंप सक्शन लाइनीतली हवा काढून आतला दाब कमी करतो, आणि वेलमधल्या पाण्यावर बसलेला वातावरणाचा दाब ते पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला कागदावर १०.३ मीटर उचलू शकतो, व्यवहारात सहा-सात मीटर. बिल्ज पंप इंजिन रूमच्या तळाशीच बसवलेला असतो, त्याला उचलायचं असतं जेमतेम दोन-तीन मीटर. म्हणजे उंची हे कारण जवळजवळ कधीच नसतं.

विहिरीला सक्शनचा पाइप एकच असतो. जहाजाच्या बिल्ज मेनला मात्र पुष्कळ फांद्या असतात: पुढचा डावा वेल, पुढचा उजवा, मागचा वेल, काही जहाजांवर कार्गो होल्डचे वेलही. सगळ्या फांद्या व्हॉल्व्ह चेस्टमध्ये, म्हणजे त्यांचे व्हॉल्व्ह एकत्र असलेल्या पेटीत, येतात आणि तिथून पुढे पंपापर्यंत पाइप एकच. तुम्ही पुढच्या डाव्या वेलचा व्हॉल्व्ह उघडून तिथं टॉर्च मारत बसलेले असता आणि हवा येत असते मागच्या रिकाम्या वेलमधून, जो तुमच्या मते बंद आहे. पाण्यापेक्षा हवा ओढणं पंपाला कितीतरी सोपं, त्यामुळे एक फांदी गळली की सगळ्यांचंच सक्शन जातं.

गेज काय सांगतो

पंपाच्या सक्शनला कंपाउंड गेज असतो, म्हणजे शून्याच्या एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्युम दाखवणारा. आधी त्याचा कॉक उघडा आहे का, आत गाळ बसून काटा अडकलेला नाही ना, हे बघा. मगच आकड्यावर विश्वास ठेवा.

वेलपासून पंप दोन मीटर उंच असेल तर नुसत्या उंचीसाठी सुमारे १५ सेंटिमीटर पारा एवढं व्हॅक्युम लागतं. पाइप, जाळी आणि व्हॉल्व्हचं घर्षण धरून काटा २०-२५ च्या आसपास दिसणं स्वाभाविक आहे. जहाजागणिक हा आकडा बदलेल. पंप ज्या दिवशी चांगला ओढत असेल त्या दिवशी आपला आकडा बघून ठेवायचा.

काटा ५० च्या पुढे गेला आणि पाणी नाही, याचा अर्थ पंप पूर्ण जोर लावतोय आणि वाट बंद आहे. मड बॉक्सची जाळी भरलीय, वेलमधल्या सक्शनच्या तोंडावरची जाळी चिंधीनं झाकलीय, किंवा व्हॉल्व्हचं चाक फिरलं तरी आतली डिस्क सीटला चिकटून बसलीय. बिल्ज चेस्टचे व्हॉल्व्ह नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारे, असतात. त्यांची डिस्क स्पिंडलला जोडलेली नसते, स्पिंडल तिला फक्त खाली दाबतो. चाक वर घेतलं म्हणजे डिस्क वर आली असं धरून चालू नका.

काटा पाच-दहाच्या आसपास थरथरतोय, तर हवा शिरतेय. वारंवार येणारी तक्रार असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा चित्र हेच असतं, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

काटा शून्यावरून हललाच नाही, तर पंपाचं प्रायमिंग युनिट (सुरुवातीची हवा काढून पंपात पाणी आणणारा भाग) किंवा खुद्द पंप यांच्याकडे वळायचं. पण तेही खालची पहिली चाचणी केल्यावर.

अर्धं-अर्धं करत शोधा

पहिल्यांदा पंपाचा स्वतःचा सक्शन व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे चेस्ट आणि पंप यांच्यामधला. पंप काही सेकंद चालवा. पिस्टन पंप असेल किंवा व्हॅक्युम प्रायमिंग असलेला सेंट्रिफ्युगल असेल, तर काटा झटकन वर चढला पाहिजे. चढला, तर पंप निर्दोष आहे. त्याला हात लावू नका. चढला नाही, तर ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून) हवा आत जातेय, प्रायमिंग युनिट बिघडलंय किंवा पंप आतून झिजलाय. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो: ऑइली वॉटर सेपरेटरला (पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या यंत्राला) जोडलेला जो स्क्रूचा मोनो पंप असतो त्याच्यावर ही चाचणी करू नका. त्याचा स्टेटर, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो ते आवरण, रबराचा असतो आणि कोरडा फिरला की बघता बघता जळतो. समुद्राच्या मधोमध नवा स्टेटर कुठून आणणार?

पंप निर्दोष ठरला की त्याचा सक्शन व्हॉल्व्ह उघडा आणि चेस्टवरचे सगळे वेलचे व्हॉल्व्ह बंद करा. परत काही सेकंद पंप. आता व्हॅक्युम चढलं आणि टिकलं, तर चेस्टपर्यंत सगळं ठीक आहे, दोष तुम्ही ज्या वेलमधून ओढत होता त्याच फांदीत आहे. चढलं नाही, तर तीन संशयित उरतात: मड बॉक्सच्या झाकणाचं गॅस्केट, चेस्ट ते पंप हा पाइप, किंवा चेस्टमधला कुठलातरी व्हॉल्व्ह जो बंद असूनही बंद नाही.

झाकणाचं गॅस्केट आधी बघा, कारण ते सोपं आहे आणि दर चार दिवसांनी उघडलं जातं. तेच दबलेलं गॅस्केट परत परत टाकलं जातं, किंवा चारातला एक बोल्ट गायब असतो. झाकणाच्या कडेला साबणाचा दाट फेस लावा. पाण्याच्या लाइनीत गळती असली की पाणी बाहेर येतं आणि डोळ्यांना दिसतं; व्हॅक्युमच्या लाइनीत हवा आत जाते, दिसत काहीच नाही. फेस मात्र आत ओढला जातो आणि तिथं खाच पडते. फ्लँजलाही हेच करा, किंवा ओलं फडकं घट्ट गुंडाळून काटा हलतो का बघा.

बंद दिसणारा पण बंद नसलेला व्हॉल्व्ह

गॅस्केट ठीक निघालं, तर बहुतेक वेळा गुन्हेगार इथंच सापडतो. शोधण्याची रीत सोपी आहे आणि ती अजून फार जणांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

चेस्टवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा. रिकाम्या वेलपैकी एका वेलमध्ये सक्शनचं तोंड बुडेल इतकंच पाणी सोडा आणि पंप चालवा. त्या वेलचा व्हॉल्व्ह गळत असेल तर आता हवेऐवजी पाणी येईल: गेजचा काटा सावरेल आणि व्हॉल्व्ह बंद असूनही त्या वेलची पातळी उतरायला लागेल. पातळी हलली नाही, तर तो व्हॉल्व्ह सुटला. पुढच्या वेलकडे जा. एका वेळी एकच वेल घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. पाणी बेतानं वापरा, कारण ते शेवटी बिल्ज होल्डिंग टँकमध्येच जाणार आणि तिथली प्रत्येक बादली नंतर आपल्यालाच निस्तरायची आहे. माल भरलेल्या कार्गो होल्डच्या वेलमध्ये मात्र पाणी अजिबात सोडायचं नाही. तिथं चेस्टवरच त्या फांदीचा फ्लँज उघडून ब्लँक (वाट बंद करणारी चकती) टाका आणि फरक पडतो का ते बघा.

वेल हाताशी असेल तर त्याहून साधा उपाय: सक्शनच्या तोंडापाशी टिश्यू पेपरचा तुकडा लांब काडीला लावून धरा. व्हॉल्व्ह बंद असून कागद तिकडे ओढला गेला की कळलं.

अंबाजोगाईकडचा एक पोरगा बल्क कॅरियरवर फोर्थ आहे. त्यानं जहाजाच्या इंटरनेटवरून फोन लावला होता. "काका, पंप तीनदा उघडला. रिंगा नव्या टाकल्या. तरी ओढंना."

"गेज काय दाखवतोय?"

"गेजचा कॉक तर बंदच हाय."

कॉक उघडल्यावर काटा आठावर नाचत होता. पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह बंद केला तर थेट साठाच्या वर. म्हणजे तीनदा उघडलेला पंप ठणठणीत होता. संध्याकाळपर्यंत वेल भरत भरत ते मागच्या उजव्या वेलपर्यंत पोचले. चेस्टचं झाकण काढलं तर त्या व्हॉल्व्हच्या डिस्क आणि सीटमध्ये वेल्डिंग रॉडचा उरलेला तुकडा आडवा अडकलेला. चाक पूर्ण आवळलं तरी डिस्क एका बाजूनं उचललेलीच राहत होती. मागचा वेल कोरडा, त्यामुळे तिथून सगळ्या जहाजाच्या बिल्ज लाइनीला मोकळी हवा.

मी त्याला विचारलं, रॉडचा तुकडा जाळीतून पुढे गेला कसा? त्यानं त्या फांदीचा मड बॉक्स उघडून दाखवला. आत जाळीच नव्हती. कधीतरी गंजून फुटली असेल, कोणीतरी काढून टाकली असेल आणि झाकण परत लावलं असेल. वारंवारतेचं मूळ तिथं होतं. जाळी नाही म्हणून कचरा चेस्टमध्ये, कचऱ्यामुळे व्हॉल्व्ह अर्धवट, व्हॉल्व्हमुळे हवा, आणि हवेमुळे दोष पंपावर. त्या दिवशी नुसता तुकडा काढून ते थांबले असते तर महिनाभरात दुसरा तुकडा आला असता. फिटरनं छिद्रं पाडलेल्या जाड पत्र्याची जाळी बनवून बसवली, डिस्क आणि सीट ग्राइंडिंग पेस्टनं घासून, निळा रंग लावून पूर्ण गोल टेकते का तपासली. त्यानंतर त्या जहाजावरून या विषयाचा फोन आला नाही.

चेस्ट किंवा मड बॉक्स उघडताना जिवाची काळजी घ्या. त्याच पंपाला समुद्राचं सक्शनही जोडलेलं असतं आणि तुम्ही उभे आहात ती जागा पाण्याच्या पातळीखाली आहे. समुद्राचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर पाटी लावा, सेकंड इंजिनिअरला सांगा. झाकणाचे नट सैल करा, पण काढू नका. झाकण पाचरीनं किंचित उचलून आतला दाब संपू द्या. पाणी थांबतच नसेल तर नट परत आवळून वर जाऊन कळवा. या बाबतीत घाई करणाऱ्याला मी कधीच शाबासकी देत नाही.

एकाच फांदीत दोष असेल तर

ती फांदी प्लेटांखालून जाते आणि पाइप नेहमी खालच्या बाजूनं सडतो, जिथं रंग पोचत नाही आणि टँक टॉपवरचं (इंजिन रूमच्या तळावरचं) खारं पाणी लागत राहतं. यू-बोल्टखाली आणि बल्कहेडमधून (जहाजाच्या आतल्या भिंतीतून) पाइप जातो त्या ठिकाणी बोट फिरवून बघा, आरसा धरा. छोट्या भोकाला रबर लावून क्लँप मारला की त्या दिवसाचं काम होईल, पण तो तुकडा बदलायच्या यादीत त्याच दिवशी गेला पाहिजे.

काही जहाजांवर होल्डची बिल्ज लाइन डबल बॉटममधल्या (दुहेरी तळातल्या) बॅलास्ट टँकमधून, म्हणजे तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीतून, जाते. तिथं भोक पडलं की उलटं लक्षण दिसतं: वेल कोरडा झाला तरी पंप पाणी देतच राहतो आणि इकडे बॅलास्ट टँकचं साउंडिंग (मोजलेली पातळी) कमी होत जातं. दोन्ही साउंडिंग शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

बॅलास्ट आणि इंधन

बॅलास्ट टँकचं तळाचं पाणी निघत नसेल तर विचार हाच. टँकमध्ये शेवटचे वीस-तीस सेंटिमीटर राहिले की पंप सोडतो, कारण सक्शनच्या तोंडाशी भोवरा होऊन हवा शिरते. तेव्हा पंपाचा डिस्चार्ज थोडा आवळून वेग कमी करायचा, जहाज मागच्या बाजूला झुकलेलं असू द्यायचं आणि उरलेल्यासाठी एज्युक्टर (पाण्याच्या झोतानं पाणी ओढणारं साधन) वापरायचा. त्याआधीच सोडत असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी रिकाम्या टँकचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह गळतोय. त्याचा रबराचा सीट चिरतो, आणि कंट्रोल पॅनेलवरचा दिवा मात्र 'बंद' दाखवत राहतो.

इंधनाच्या ट्रान्सफर पंपाला हवेपेक्षा घट्टपणा नडतो. थंड भागात बंकर टँकमधलं जड तेल गार पडलं की व्हॅक्युम चढतं, पंप कुरकुरतो. जाळी साफ असेल तर टँक तापवा, पण टाकीतलं तेल त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या १० अंश खालीच राहिलं पाहिजे. रिकामी होत आलेली टाकी, उघडं पडलेलं हीटिंग कॉइल आणि कोणीतरी पूर्ण उघडून ठेवलेली वाफ, ही धोक्याची जागा आहे.

पंप ओढत नाही म्हणून आडवाट धरू नका

वेल भरत चाललेत, बंदर जवळ येतंय, वरून विचारणा होतेय. अशा वेळी कोणीतरी सुचवतं की पोर्टेबल पंप लावून रात्री बाहेर सोडून देऊ. मार्पोल या समुद्र-प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार इंजिन रूमचं बिल्ज पाणी समुद्रात सोडायचं तर जहाज चालतं असलं पाहिजे, पाणी फिल्टरिंग उपकरणातून गेलं पाहिजे आणि बाहेर जाताना त्यात तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भागांच्या) वर नको. प्रत्येक गोष्ट ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये लिहायची आणि ते पुस्तक शेवटच्या नोंदीनंतर ३ वर्षं जपायचं. सेपरेटर बंद पडला तर त्याचीही नोंद करायची असते. त्यासाठी पुस्तकात 'एफ' ही खूण आहे. लपवलेल्या पाइपांसाठी आणि खोट्या नोंदींसाठी अमेरिकेत इंजिनिअर तुरुंगात गेलेले आहेत. घरच्यांनी शेत गहाण ठेवून ज्या पोराला इथवर पाठवलं, त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून अशा नोंदीवर सही करू नये, असं मला मनापासून वाटतं. टाकीत जागा नसेल तर चीफ इंजिनिअरला लेखी सांगा आणि बंदरात रिसेप्शन फॅसिलिटी (घाण पाणी उतरवून घेण्याची सोय) मागायला लावा.

मुख्य समुद्रपाण्याच्या पंपाला जोडलेलं इमर्जन्सी बिल्ज सक्शन रोजच्या कामाला कधीच नाही. ते इंजिन रूममध्ये पाणी भरून जहाज धोक्यात आलं तरच. पण त्याचं चाक गंजून बसलं नाही ना, हे ठराविक दिवशी फिरवून, ग्रीस लावून बघत राहा.

आणि दुरुस्ती झाल्यावर चांगल्या सक्शनचा आकडा गेजशेजारी पेंटनं लिहा. प्रत्येक मड बॉक्सच्या झाकणावर "आत जाळी आहे" असं तारीख टाकून मार्करनं लिहा, जाळी डोळ्यांनी पाहिल्यावरच. हँडओव्हर नोटमध्ये कोणता व्हॉल्व्ह घासला, कोणत्या पाइपाला क्लँप आहे, हे फ्रेम नंबरासह (जहाजाच्या सांगाड्यातल्या जागेच्या क्रमांकासह) टाका. स्टोअरच्या यादीत मड बॉक्सची गॅस्केट, दोन जादा जाळ्या, चेस्टच्या व्हॉल्व्हच्या डिस्क आणि मोनो पंपाचा एक स्टेटर घाला. तुमच्या जागी येणारा पोरगाही कदाचित हिंगोली-जालन्याकडचाच असेल.